तीस बाय तीस

तीस सेंटिमीटर लांब, तीस रुंद, राखाडी.
अशा किती बसवल्या असतील मी या शहरात?
रॉटरडॅमच्या पश्चिमेची कुठलीही गल्ली घ्या,
कुठेतरी माझा गुडघा टेकलेला आहे.

वाळू चाळायची, फळीने सारखी करायची,
दोरी ताणून रबरी हातोडीने दोनदा ठोकायचं.
तिसऱ्यांदा ठोकतो तो शिकाऊ.
फटीतून गवताचं पातं डोकावलं
की मान खाली.
"तेओफिलुच्या फरशीवर भरला पेला ठेवा,
पाणी हलायचं नाही," मुकादम म्हणायचा,
आणि मी ते घरी येऊन बायकोला सांगायचो,
दर वेळी नव्याने.

शनिवारी शेजारच्या आल्त्याबाईंनी दार ठोठावलं.
वय ब्याऐंशी, हातात पहार.
"माझ्या अंगणात तूच घातलीस ना? मग तूच काढ."

कारण विचारलं नाही. मीही तिथेच होतो
जूनमध्ये, चाळीस मिनिटं आभाळ फाटलं तेव्हा.
गटारं उलटी वाहिली.
तिच्या तळघरात नवऱ्याचं अकॉर्डियन तरंगत होतं,
पाणी आत शिरताना त्यातून एक सूर निघाला,
असं ती सांगते. मी ऐकला नाही.
मी जिन्यावर बादल्या देत होतो.
सकाळी कालव्याला शहराच्या पोटातला वास,
आणि मासे, पांढरी बाजू वर करून.

आमचं बेट कोरडं. साउं निकोलाउ.
पाऊस आलाच तर ऑक्टोबरात, तोही चुकून.
आई पातेली, परात, तान्ह्याचं टब
आणि वडिलांची टोपीसुद्धा उलटी करून
अंगणात मांडायची.
"पाणी पाहुणं आहे रे, त्याला उभं ठेवू नये."
आणि मी इथे येऊन छत्तीस वर्षं
त्या पाहुण्याला उतार दाखवला:
चल, पुढे हो, इथे थांबायचं नाही.

पहिली फरशी निघता निघत नाही.
एकदा ती सुटली की बाकीच्या
हिरडीतल्या दुधाच्या दातांसारख्या.
खाली माझीच वाळू, तशीच पिवळी.
मुंग्यांचं एक गाव.
आणि एक पांढुरकं मूळ, करंगळीएवढं,
पलीकडच्या नासपतीपासून
दीड मीटर अंधारात चालत आलेलं.
कोपऱ्यात पाच सेंटचं काळं पडलेलं नाणं.
पहिल्या फरशीखाली ठेवायचो मी एकेक, शकुनाचं.
विसरलो होतो.

नव्वद फरशा. म्हणजे आठ चौरस मीटर.
समोरच्या सुपरमार्केटचं डांबर
फुटबॉलच्या मैदानाएवढं आहे,
हे मलाही दिसतं.
पालिकेचा पोरगा गाडी घेऊन आला, म्हणाला,
"आजोबा, आता सगळं शहर स्पंज होणार."
स्पंजने मी जन्मभर फरशाच पुसल्या, मी म्हटलं.
तो हसला. काढलेली रास बघून थबकला:
सगळ्या कडा एका रेषेत.
हाताची सवय. काय करणार?

नात लिझान्द्रा दुपारी थर्मामीटर घेऊन बसली.
माझ्या अंगणातल्या फरशीवर सत्तेचाळीस,
आल्त्याबाईंच्या नेच्यांखाली अठ्ठावीस.
तिने ते वहीत लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं,
काही न बोलता.
आईवर गेली आहे.

सप्टेंबरात पुन्हा तसाच कोसळला, रात्री दोनला.
मी उठून बादल्या काढल्या, सवयीने.
मग खिडकीशी उभा राहून ऐकत होतो:
गल्लीत खळखळाट, पन्हळीत खळखळाट,
आणि कुंपणापलीकडे
नुसती लव्हाळ्यावरची टपटप,
त्याखाली काहीच नाही.
आल्त्याबाई रेनकोट घालून दारात.
"गेलं?"
"जातंय."
"कुठे?"
मी मधोमध जाऊन उभा राहिलो.
बूट बोटभर आत रुतला.
इथे पेला ठेवला तर कलंडेल.