चाल

निकेयाच्या थिएटरात, बासष्ट साली,
स्त्रातिस तीनदा बसला एकाच पिक्चरला.
कोटाखाली उसना टेपरेकॉर्डर,
आजारी कोकरू धरावं तसा मांडीवर.

पडद्यावर बाई पाळणा हलवत होती.
खालच्या ग्रीक अक्षरांकडे त्यानं पाहिलंच नाही.
मागच्या रांगेत सूतगिरणीच्या बाया,
पदर नव्हता, तर बाहीनंच डोळे पुसत होत्या.

घरी टेप लावली:
अर्धं गाणं, अर्धा कुणाचा तरी खोकला.
खोकल्याच्या जागा त्यानं बुझुकीनं भरल्या.
एवान्थियानं शब्द घातले.
पाळणा गेला, बेल्जियमची खाण आली,
खाणीत राहिलेला तिचा भाऊ आला,
गाण्यापुरता.

रेकॉर्डवर नाव स्त्रातिसचं.
कुणी विचारलंच तर म्हणायचा,
सुचली, बंदरावरून येताना.
चालच ती. आली असेल चालत.

मग एका हिवाळ्यात, खानावळीत,
चितगावचा एक खलाशी उठून उभा राहिला
आणि दुसऱ्या कडव्यापासून भलतेच शब्द गाऊ लागला,
डोळे मिटून,
हातानं हवेतलं काहीतरी झुलवत.

एवान्थिया चिडली:
सूर धरलाय बरोबर,
पण शब्द बघ, सगळे चुकतोय!

स्त्रातिस गप्प.
एका जागी दोघांची वाट फुटली होती,
बुझुकी वर गेली, खलाशी खाली उतरला.

गाणं संपल्यावर त्यानं खुर्ची पुढे ओढली,
वाइन ओतली,
स्वतःच्या छातीवर मूठ ठेवून दोनदा खोकला,
आणि भुवया उंचावून विचारलं:
इथं, इथं काय होतं?