लाइन मोकळी

दोन रुळांच्या मधे, स्लीपरवर,
आम्ही पिवळ्या पाट्या बसवत चाललोय.
जेवायच्या ताटाएवढी एकेक, चार बोल्ट,
पाना पुरेसा आवळला की कट्‌ असं बोलतो.

बलीज म्हणतात हिला.
हिला बॅटरी नाही, वायर नाही.
वरून गाडी गेली की गाडीचीच चिमूटभर वीज उसनी घेते,
सांगते एवढंच, की तू इथे आहेस,
आणि पुन्हा दगड.
अंगावर गोगलगाय चढली तरी हिला पत्ता नसतो.

लिपोवेक हे आमच्या बाजूचं शेवटचं स्टेशन.
पुढे ओकची झाडी, झाडीत एक पांढरा खांब,
खांबापलीकडे हंगेरी.
त्यांच्या इंजिनाला आमचे दिवे वाचता येत नसत,
आमच्याला त्यांचे.
म्हणून हरेक गाडी इथे पंचवीस मिनिटं थांबायची,
डोकं बदलून घ्यायची,
आणि तेवढ्यात एतेल्काच्या टपरीत
खसखशीच्या गिबानित्साचे दोन ट्रे संपायचे.
परवा ती मला म्हणाली, तादेया,
तुझ्या ताटांनी माझी ताटं पालथी घातली.
बिलात मात्र कॉफी धरली नाही.

केबिनमध्ये वेंदेल.
शुक्रवारी रिटायर.
बावीस वर्षं रात्रपाळीला एक काळा फोन,
पलीकडे केरेकफाच्या केबिनमध्ये गेदेऑन.
लाइन मोकळी आहे का, हे वेंदेल विचारायचा हंगेरीत: सॉबॉद?
गेदेऑन उत्तर द्यायचा स्लोव्हेनियनमध्ये: प्रोस्तो.
एकमेकांचा एकेकच शब्द,
तोही उच्चारात मार खाल्लेला,
त्याच्यावर धान्य गेलं, लाकूड गेलं,
झोपलेली माणसं गेली, कूस न बदलता.

भेटले एकदाच.
गेदेऑनच्या बायकोला पुरलं त्या दिवशी.
दोघं फाटकाशी उभे, टोप्या हातात,
काय बोलावं सुचेना.
हातात रिसीव्हर नव्हता, वेंदेल म्हणतो.

काल रात्री चाचणी.
दोन वाजून दहा, मक्याची मालगाडी, चौतीस वाघिणी.
सिग्नलच्या खांबांवर गोणपाट बांधलेलं,
ड्रायव्हरपुढे फक्त पडदा,
पडद्यावर वेगाचा काटा आणि पुढची वाट.
आमच्या सेंटरने त्यांच्या सेंटरला खो द्यायचा,
रेडिओवरून, न थांबता, ताशी शंभरने.
मी लॅपटॉप मांडीवर घेऊन जिन्यात बसलेले.
वेंदेल खिडकीशी उभा.

गेली.
काचा थरथरल्या, त्या जुन्याच.
दोन सेकंद, मी म्हटलं. सगळं नीट.

त्याने रजिस्टर पुढे सरकवलं.
दोन रकाने: दिली, घेतली.
बावीस वर्षांच्या शाईत
दिली नि घेतली यांच्यात कुठे एक मिनिट, कुठे दीड.
या मिनिटात, म्हणाला,
मी सोडलेली असायची, त्याने धरलेली नसायची.
कुणाचीच नसायची गाडी.
नियमात नाही, पण तेवढं मिनिट मी उभा राहायचो.
आता सांग,
तुझ्या त्या दोन सेकंदांत ती कुणाची?

मी लॉग उघडला. घाई केली नाही,
कारण असं मला कुणी विचारलं नव्हतं,
कंत्राटातही नव्हतं.
ओळीवर बोट ठेवून दाखवलं:
नवा हात धरतो,
मग जुना सुटतो.
मधे दोघांचीही.

दोघांचीही, तो म्हणाला.
बाहेर झाडीत शेवटच्या डब्याचा लाल दिवा
पांढऱ्या खांबापाशी बारीक होत गेला.
फोन वाजला नाही.

वेंदेलने मागे न बघता खुर्ची चाचपली
आणि बसला.