एक्सचे खिळे

डेव्हनी मास्तर पहिल्यांदा दुकानात आला
तो बुटांचा चिखल दाराबाहेर झटकून.
एवढं मला आवडलं.
मग कागद उलगडून म्हणाला, त्रैमासिक काढायचंय.
गणिताचं.
लँकेस्टरात! जिथे लोक पंचांग घेतात
ते कोबी कधी लावायचा हे बघायला.

पहिल्याच पानावर माझे एक्स संपले.
जर्मन प्रार्थना छापणारा माणूस मी,
घरात सात एक्स,
त्याला एका ओळीत नऊ लागायचे.
फिलाडेल्फियाहून खिळ्यांचं पुडकं मागवलं,
पैसे माझेच.

वर्गणीदार एक्केचाळीस.
पैसे दिले सतरांनी,
उरलेल्यांनी उत्तरं पाठवली.
मास्तरनं मला दोन पोती बटाटे दिले
आणि माझ्या थोरल्याला त्रैराशिक.

उजवा हात त्याचा खांद्याच्या वर जात नसे.
अठ्ठ्याण्णवच्या बंडातली गोळी, आतच राहिलेली.
म्हणून शाळेतल्या फळ्याचा वरचा अर्धा भाग
कायम काळाकुळकुळीत,
आणि खाली, पोरांच्या डोक्यांआड, खडूची दाटी.
मागच्या बाकावरून काही दिसत नसे.
मागच्या बाकावरून कुणी तक्रारही केली नाही.

एकदा म्हणाला, पिऊन नव्हे, शुद्धीत,
तुझ्या धंद्यातल्या कुणीतरी मलाही छापलंय, बाल्टझर.
बंदराच्या भिंतीवर, पन्नास पौंडांच्या इनामासकट.
फक्त डेव्हनीचं डेव्हरी झालं होतं.
शिपाई डेव्हरीला शोधत राहिला,
मी त्यालाच वाट विचारून जहाजावर चढलो.

म्हणून असेल,
माझ्या चुकांवर तो कधी चिडला नाही.
मुद्रितावर खूण करायचा ती अगदी हलकी,
चुकीला लागेल कुठे.

लाँगेनेकर आणि श्टाउफरचा बांधावरून तंटा झाला
तेव्हा त्यानं पोरांच्या हाती साखळी दिली,
एकच कुंपण अकरा वेळा मोजायला लावलं.
अकरा उत्तरं आली.
लाँगेनेकर थुंकला, मोजता येत नाही कार्ट्यांना.
मास्तर मात्र लग्नघरातल्यासारखा खूश.
कुंपणाच्या फळीवरच ठिपके काढून दाखवले:
बघा, चुकासुद्धा घर सोडून फार लांब जात नाहीत.
खऱ्याच्या आसपासच घुटमळतात.
एखादीच सुटते, पार तिकडे.

मग तो शेवटचा ठिपका
बराच वेळ अंगठ्यानं पुसत बसला.
पोरं साखळी गुंडाळून केव्हाच गेली होती.

चार अंक निघाले.
पाचव्याचं पहिलं पान जुळवून झालं होतं,
तेवढ्यात न्यू जर्सीच्या कॉलेजनं बोलावलं.
बायको, पाच मुलं, एक घड्याळ, गाडीवर चढले.
पान दोरीनं बांधून फळीवर ठेवलं.
बावीस वर्षं.

परवा लाँगेनेकरचा बैल हरवला,
जाहिरात हवी, इंग्रजीत.
इंग्रजीत बैलाला एक एक्स लागतो.
दोरी सोडली, एक उचलला.
कडा झिजल्यात.
शाई धरतो अजून.