चौदा नंबरची इहीर

तालुक्याच्या पाणी-तपासणी खोलीत
माझ्याकडे बाटल्या यायच्या, नावं यायची नाहीत.
चिठ्ठीवर एवढंच: स्रोत १४.
मी थेंब टाकायची,
गुलाबी उतरून पिवळं व्हायचं,
फ्लोराइड दोन पूर्णांक आठ लिहून
कागद वर पाठवायची.
वर म्हणजे कुठे, ते अकरा वर्षांत कळलं नाही.
तिथून फक्त रिकाम्या बाटल्या परत यायच्या.

करंजसावळीच्या शाळेत कुसुम सोयाम बाईंनी
हजेरीच्या मागच्या पानांवर
पोरांचे दात मांडून ठेवले होते.
कुणाला खडूचे ठिपके, कुणाला तपकिरी रेघा,
पुढे लिहिलेलं, पाणी कुठलं:
देवळामागचं. तुळशिरामच्या वावरातलं.
शिबिराचे डॉक्टर आले,
"घासत जा रे" म्हणून गेले.

आणि बोरवाला हबीब.
त्याची खिशातली डायरी, ऑइलने अर्धी पारदर्शक.
किती फुटांवर काळा दगड संपला,
किती फुटांवर पांढरी भुकटी उडाली,
पाणी लागलं की त्यापुढे एक चांदणी.
गावातल्या गल्ल्या तो चुकायचा,
गावाखालच्या नाही.

एके दिवशी बाई स्वतःच बाटली घेऊन आल्या.
चिठ्ठीवर नंबर नव्हता.
तुळशिरामची इहीर, असं वळणदार अक्षर.
थेंब टाकले. तोच पिवळा.
दोन पूर्णांक आठ.
हिला तर मी ओळखत होते,
फक्त नावाने कधी हाक मारली नव्हती.

मग रविवारी शाळेच्या फरशीवर
तीन वह्या उघड्या.
जुळेचनात.
माझे नंबर, बाईंची वावरं,
हबीबकडे तर माणसांचीही नावं नाहीत:
"चिंचेखाली, कुत्रं चावलं तो दिवस."
त्याचे फूट, सरकारी नकाशाचे मीटर.
दुपारभर आम्ही नुसतं विचारत होतो,
ही म्हणजे तीच का?

ती तीच होती.
इहीर आटली त्या वर्षी
तिच्या तळाशी हबीबनेच बोर मारला होता,
दोनशे दहा फूट.
त्याच्या पुढच्या हजेरीपासून
बाईंच्या पानांवर रेघा सुरू होतात.

चांदणीवर बोट ठेवून तो बसून राहिला.
"मले वाटलं, मी पानी काढून देल्लं."
बाईंनी चहा पुढे सरकवला.
तो थंड झाला.

साहेब म्हणाले, आकडे खात्याचे आहेत.
मी मान हलवली,
आणि संध्याकाळी तक्ता
रेशन दुकानाच्या भिंतीवर खळीने चिकटवला.

दुसऱ्या दिवशी त्यावर पेन्सिलीने कुणीतरी:
"नऊ नंबर चुकला. तो पंप नाल्याच्या अल्याड, माह्या दारात. पंचफुला."
खरं सांगते, राग आला.
अकरा वर्षांची माझी नोकरी, आणि ही कोण?
उन्हात जाऊन पाहिलं.
पंप तिच्या दारातच होता.
तिने पाणी विचारलं, मी प्याले,
तिच्या पंपाचा आकडा चांगला होता.

मग झिंगूबाई येऊन म्हणे,
"आमच्या बकऱ्याइचे गुडघे बी लिहा नं."
बकऱ्यांसाठी रकानाच नव्हता.
पट्टीने एक नवा आखला.
शेजारच्या गावची दोन पोरं फोटो काढून गेली,
आठवड्याने परतली ती स्वतःचा तक्ता घेऊन,
रकाने आमचेच, अक्षर वाईट,
आणि एक गोष्ट आम्हाला सुचलीच नव्हती ती:
पाणी कोण भरतं, किती लांबून.

चौदाला आता लाल रंग दिलाय.
देवळामागच्या उथळ इहिरीवर रांग लागते,
रांगेत भांडणंही लागतात.
त्याचा रकाना अजून कुणी आखलेला नाही.

बाटल्या अजून नंबर लावूनच येतात.
मी खाली बारीक अक्षरात लिहिते,
तुळशिरामची, दोनशे दहा फूट, बावीस पोरं,
आणि कागद वर पाठवते. आणि भिंतीवरही.

भिंतीला सुतळीने पेन्सिल बांधलेली असते.
दर आठवड्याला कुणीतरी ती नेतं.
दर आठवड्याला मी नवी बांधते.