भट्टीचं बूड

पहिल्या वेळी पाव वरून तांबूस झाले,
खालून पांढरे, ओले,
बोट लावलं तर चिकटणारे.
तीन तास सुमरची लाकडं जाळली होती,
आपल्या बाभळीची लांबची बहीण.
घुमटाची काजळी जळून विटा उजळ झाल्या,
मी खूश.
इम्तियाज हजवाने मात्र वाकला,
ओट्याखाली बघून म्हणाला,
"आग कुठं गेली ते मांजरीला विचार."

मांजर स्लॅबखाली झोपली होती,
सोहारमधल्या जानेवारीच्या रात्री,
पोट वर करून.

बावीस वर्षं मी रिफायनरीत
पाइपांना रजया शिवल्या.
दगडी लोकर, वर पत्रा, पत्र्याला रिवेट.
कोपरावर किती कापायचं, व्हॉल्व्हपाशी किती सोडायचं,
झोपेत विचारा.
आणि घरच्या भट्टीला
विटा थेट काँक्रीटवर मांडल्या.

ईद झाली, तशा विम्टोच्या बाटल्या गोळा केल्या.
शेजारच्या उम्म सालिमकडून अकरा,
बलुची न्हाव्याकडून सात,
उरलेल्या कचऱ्याच्या डब्यातून, लाज सोडून.
आत मुंग्या, तळाशी एक गोड जांभळा थेंब.
"झाकण सैल ठेव," इम्तियाज म्हणाला,
"हवा तापली की तिला वाट नको?"

नर्सरीतून परलाइटची पोती.
पाच घमेली परलाइट, एक सिमेंट,
पाणी इतकंच की मुठीत लाडू वळावा.
बाटल्या आडव्या निजवल्या,
वरून तीच खिचडी.
पोत्याला वजनच नव्हतं.
एवढे रियाल कशाचे घेतले रे त्याने?
"भोकांचे."

मग उन्हाळा.
नळाचं पाणीसुद्धा पोळायचं,
आणि मी उष्णता जपायला थर घातलेला;
हार्डवेअरवाला मलबारी हसून घ्यायचा.
पण रात्री समुद्राकडून दमट यायचं.
थर ओला राहिला तर सगळं फुकट,
म्हणून रोज संध्याकाळी ताडपत्री घातली,
रोज सकाळी काढली.
ऑगस्टात एकदा विसरलो
तर मध्यरात्री चड्डीवर धावलो.

डिसेंबरात वाळू चाळून
विटा परत मांडल्या, कोरड्याच.
पेटवली.
पाव उलटा केला, टिचकी मारली,
पोकळ वाजला.
इम्तियाजने चहात बुडवून खाल्ला,
बोलला काही नाही,
दुसरा उचलला.

रात्री मांजर आली.
स्लॅबखाली शिरली, दोनदा गोल फिरली,
बसली, उठली,
माझ्याकडे बघितलं.
थंडगार होतं तिथं.

भट्टीच्या तोंडाची एक वीट काढली,
फडक्यात गुंडाळून तिच्यापुढे ठेवली.
तिनं वास घेतला
आणि भिंतीवरून
उम्म सालिमकडे निघून गेली.