अर्धा फेरा

पोलोग्राउंडच्या शेडमध्ये तीन आठवडे
लेथ उघडा पडला होता.
चक उतरवलेला, कॅरेज टेबलावर उताणी,
गिअर रॉकेलच्या घमेल्यात,
बोल्ट माझ्या मुलीच्या शाळेच्या जुन्या डब्यांत
आणि प्रत्येक डब्यावर खडूने लिहिलेलं:
कुठला, कोणत्या बाजूचा, वॉशर किती.
माझ्या स्मरणशक्तीवर पुरूकाकांचा विश्वास नाही.

गिरणी बंद पडली त्या साली
लिलावात भंगाराच्या भावाने मिळालेला हा.
पाटीवरचं नाव हिरव्या रंगाच्या चार थरांखाली.
मी ब्लेडने खरवडलं, तर एवढंच निघालं:
अर्धवट एक साल, आणि "आणि पुत्र".
कोणाचे पुत्र, ते काही निघेना.

पांचालजी देवासहून येतात, सकाळच्या बसने.
पिशवीत स्क्रेपर,
सनई ठेवावी तसा फडक्यात गुंडाळलेला.
आधी बेडवरून नुसता हात फिरवतात. बोलत नाहीत.
मग सरळपट्टीला निळा लेप, अगदी पातळ.
ठेवायची, सरकवायची, उचलायची.
जिथे निळं लागलं तिथे उंच.
तेवढंच खरडायचं, श्वास रोखून,
पुन्हा लेप, पुन्हा पट्टी.
एप्रिलची दुपार, पत्रा तापलेला,
आणि हा माणूस लोखंडाला
दाढी केल्यासारखा हळू हळू.
एका दिवसात त्रेचाळीस वेळा.
हिशेब मी ठेवते, म्हणून मोजलं.

"अठारह थाऊ बैठ गया है, चक के पास," ते म्हणाले.
"और उधर देखो. कोरा."
मी टेलस्टॉकच्या बाजूला जाऊन वाकले.
खरंच. तिथे घडवणाऱ्याच्या खरडीच्या खुणा
अजून शाबूत होत्या, बारीक चंद्रकोरी, ओळीने,
कालच कुणी काढून जेवायला गेल्यासारख्या.

सहा फुटांचा बेड
आणि एकतीस वर्षांत आम्ही वापरला पहिला दीड फूट.
पिना, बुश, पिठाच्या गिरणीची पुली,
पंपाची स्लीव्ह, पुन्हा पिना.
पुरूकाका म्हणाले, "लांब शाफ्ट आला होता एकदा,
सत्त्याण्णव साली."
मग?
"परत नेला त्यांनी."

खळगा भरता येत नाही म्हणे.
बाकीचं सगळं त्याच्यापर्यंत खाली आणावं लागतं.
म्हणजे त्या चंद्रकोरीही जाणार.
पांचालजी चहाला गेले तेव्हा
मी त्यांच्यावर बोट ठेवलं. गार होत्या, किंचित खरखरीत.
संध्याकाळपर्यंत तिथे निळे ठिपके आले,
इंचात बारा, मग सोळा,
मग त्यांनी स्क्रेपर पुसला.

क्रॉस-स्लाइडचा नट गनमेटलचा, नवा करून घेतला.
जुन्यात जवळजवळ अर्धा फेरा मोकळा होता.
हँडल फिरायचं, टूल जागचं हलायचं नाही.
म्हणून काका आधी मागे घेत,
मग पुढे येत, आणि तेव्हाच आकडा वाचत.
शिकाऊ पोरांना पहिला धडा हाच:
मागे जा, मग ये.
त्यातली दोन पोरं आता पीथमपूरला आहेत,
कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर.
त्यांचे हात काय करत असतील, कोण जाणे.

शेवटच्या दिवशी गाईडला तेल, बेल्टला ताण,
चकमध्ये एक साधी सळई.
कातरण निळी पडत सुटली, एकसंध,
दोन्ही टोकांना माप तेच.
पांचालजींनी पैसे दोनदा मोजले
आणि साडेपाचची बस गाठली.

दुसऱ्या सकाळी काका हँडलपाशी.
अर्धा फेरा मागे. थोडं थांबले. पुढे.
"काका, आता गरज नाही त्याची."
"माहितीये मला," म्हणाले,
आणि पुन्हा मागे घेतलं.

एका डब्यात एक वॉशर उरलाय.
डब्यावरचा खडू पुसला गेलाय.
अजून त्यांना सांगितलेलं नाही मी.