मुख्य शीर्ष तीस

साइमी केरॅनेन बोलायला उठल्या की
माझीच पाळी असावी असं वाटायचं.
आम्ही लघुलेखक पाच-पाच मिनिटांनी बदलायचो,
तीन पेन्सिली हाताशी, एक कानावर.
त्या बोलायच्या सावकाश,
दुधाचा कॅन दोघींनी मिळून उचलावा तशा:
एक कडी तुम्ही धरा, एक मी धरते.

काइनूच्या. जंगलांच्या पार पलीकडून.
तिकडे ऑगस्टातच एखाद्या रात्री हिमकडा पडतो
आणि सकाळी ओट काळा.

खर्चावरच्या चर्चेत त्या आधी आकडा सांगत,
मग तो आकडा कुणाच्या गोठ्यात बांधलाय ते.
"मुख्य शीर्ष तीस, बाब चौदा, चार हजार मार्क.
हा एक वळू आहे, अध्यक्षमहाराज.
सात गावांत मिळून एक.
काल रात्री समितीने तो खोडला."
सभागृह हसलं.
मी कंसात लिहिलं: हशा.
त्या हसल्या नव्हत्या.
त्यासाठी आमच्याकडे कंस नव्हता.

मग एकोणसत्तर साल.
देशात लोणी फार झालं होतं, गोदामं दारापर्यंत भरलेली,
म्हणून जो पेरणार नाही त्याला हेक्टरी पैसे.
लोकांनी लगेच नाव पाडलं: पाकीटबंद शेत.

त्या उठल्या. हातात कागद नव्हता.
"माझ्या सासऱ्यांनी ते शेत दलदलीतून काढलं.
चौतीस उन्हाळे.
चर खणला की पाणी,
पाणी काढलं की मूळ,
मूळ उपटलं की त्याच्याखाली दुसरं, जास्त जुनं.
तेव्हा सरकारने त्यांना अनुदान दिलं, खणल्याबद्दल.
आता त्यांच्या मुलाला देणार, न खणल्याबद्दल.
मला एवढंच विचारायचंय,
ही दोन्ही बिलं तुम्ही एकाच कपाटात ठेवता का?"

अकरा मिनिटं. माझ्या वाट्याला शेवटची पाच.
मग घंटा, मतदान,
आणि त्यांच्या नावासमोर दिवा लागला
होय चा.

दुसऱ्या दिवशी त्या प्रत तपासायला आल्या.
बाकीचे सदस्य येत ते आपलं अडखळणं पुसायला,
वाक्याला इस्त्री करून घ्यायला.
यांनी ओले बूट दाराशी काढले, चष्मा लावला,
आणि एकच शब्द खोडला.
मी लिहिलं होतं 'पडीक',
त्यांनी वर लिहिलं 'मुकं'.
बाई, तुम्ही पडीकच म्हणाला होतात.
"म्हटलं असेन. तिथे उभं राहून दुसरं सुचलं नाही."
आमच्या साहेबांनी दुरुस्ती नाकारली.
सभागृहात न उच्चारलेला शब्द इतिवृत्तात घेता येत नाही,
नियम आहे, आणि नियम बरोबरच आहे.

दिव्याबद्दल मी विचारलं नव्हतं.
मोजे चढल्यासारखे वर ओढत त्याच म्हणाल्या,
"त्याच रात्री आमचा पूल मंजूर व्हायचा होता.
तराफ्यावरून दूध नेतात अजून."
बूट घातले. नाडी दोनदा सुटली.

निवृत्त झाल्यावर एकदा गेले मी तिकडे, बसने.
पूल आहे. चांगला आहे, काँक्रीटचा.
थांब्यावरच्या म्हाताऱ्याने न विचारता सांगितलं:
पहिल्या वर्षी यावरून गेले ते सामानाचे ट्रक,
खाटा, शिवणयंत्रं, एका घराची तर दारंसुद्धा.
सगळे स्वीडनकडे.
पलीकडे चरांच्या ओळी अजून दिसतात,
सरळ, चौतीस उन्हाळे सरळ,
त्यांच्यात आता बर्च, आणि रस्त्याकडेला
दुधाच्या कॅनचा ओटा, त्यावर शेवाळ.

मी पूल चालत ओलांडला. एकशे बारा पावलं.
मंजूर झालेला आकडा मला पाठ होता,
पेन्सिलीच्या अजून लक्षात राहतं असलं काही.
मोठ्याने म्हणूनही पाहिला.
त्यानंतर सांगायचं असतं
तो कुणाच्या गोठ्यात बांधलाय ते.
मी थोडा वेळ थांबले.
मग परतीची बस आली.